रिपोर्टमागचा आलेख: आकडे नीट भरले नाहीत तर काय होते?

आज थोडा वेगळा विषय घेतो. औषध नाही, आहार नाही. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमागे लॅबमध्ये रोज एक आलेख काढला जातो, किंवा काढला जायला हवा, त्याविषयी बोलू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका काकूंची उपाशीपोटीची साखर नेहमी १३० च्या आसपास असायची. लागोपाठ दोन रिपोर्टमध्ये ती १४८ आणि १५० आली. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, घरच्या मशीनवर तर १३० च येतेय हो." मी म्हणालो, "काकू, लॅबचा रिपोर्टच खरा धरायचा." आणि गोळीचा डोस वाढवला. आठ दिवसांनी पहाटे काकू घामाने डबडबून, थरथरत उठल्या. साखर ६२. सुनेने वेळीच साखरपाणी दिले म्हणून निभावले.

त्या लॅबमध्ये जाऊन मी विचारपूस केली. मशीन बऱ्यापैकी नवे होते, तंत्रज्ञ मेहनती होता, रोजचा आलेखही काढलेला होता. त्यात सगळे ठिपके रेषांच्या आत होते. चूक आलेखात भरलेल्या आकड्यांमध्ये होती.

हा आलेख असतो तरी काय?

रोज सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी लॅबमध्ये 'कंट्रोल' लावतात. कंट्रोल म्हणजे किती उत्तर यायला हवे हे आधीच माहीत असलेला द्रव. त्याचे उत्तर रोज एका आलेखावर ठिपक्याने मांडतात. मध्ये सरासरीची रेषा, तिच्या वर-खाली मर्यादेच्या रेषा. या रेषा 'स्टँडर्ड डेव्हिएशन'वरून, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात यावरून, ठरतात. १९२४ साली वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने कारखान्यातल्या मालासाठी ही पद्धत काढली. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी ती वैद्यकीय लॅबमध्ये आणली.

आता हा आलेख संगणक काढतो. एक्सेल असो, मिनिटॅब असो की लॅबचे स्वतःचे सॉफ्टवेअर, आकड्यांचा रकाना दिला की क्षणात सरासरी, रेषा, ठिपके तयार. पण त्या रकान्यात काय भरले आहे, हे संगणकाला कळत नाही. पिठात खडे असतील तर गिरणी खडेही दळून देते.

काकूंच्या बाबतीत काय झाले?

लॅबमध्ये कंट्रोलची जुनी बाटली संपून नवी आली होती. जुन्या बाटलीचे उत्तर ११० यायला हवे, नवीचे १००. दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात, एकाखाली एक भरले गेले. प्रत्येक बाटलीच्या आकड्यांचा पसरट फक्त २ होता. पण एकत्र केल्यावर सरासरी झाली १०५ आणि पसर झाला सुमारे साडेपाच. दोन पट पसराच्या रेषा ९४ आणि ११६ वर गेल्या.

मग मशीन बिघडले. नवी बाटली १०० ऐवजी ११२ दाखवू लागली. आलेखाच्या हिशेबाने हा ठिपका आतच होता. बाटल्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर नव्या बाटलीच्या रेषा ९६ आणि १०४ वर आल्या असत्या आणि पहिल्याच दिवशी धोक्याची घंटा वाजली असती. तेच १२ टक्के काकूंच्या रिपोर्टमध्ये चढले, आणि तिथून माझ्या चिठ्ठीत. घरच्या मशीनचा आकडा त्या सांगत असताना मी दुसरी तपासणी करून घेतली नाही, ही चूक माझी.

आणखी कुठे घोटाळे होतात?

एक, 'वाईट' आकडे गाळणे. दोन पट पसराच्या रेषेबाहेर साधारण २० पैकी एक आकडा सगळे ठीक असतानाही जातो. तो गाळला, किंवा चांगले उत्तर येईपर्यंत कंट्रोल पुन्हापुन्हा लावून शेवटचाच आकडा भरला, तर पसर खोटा लहान होतो, रेषा आवळल्या जातात आणि उगाच घंटा वाजत राहते. मग माणसे घंटेकडे लक्षच देईनाशी होतात.

दोन, रिकाम्या दिवसाला शून्य. कंट्रोल लावला नाही म्हणून ० लिहिले, तर संगणक ते खरे उत्तर समजतो. सरासरी खाली येते आणि रेषा लांब पळतात. रकाना रिकामाच ठेवायचा.

तीन, क्रम. आकडे चुकून लहान-मोठे असे लावले गेले तर सरासरी तीच राहते, पण मशीन हळूहळू सरकत चालले आहे ही गोष्ट पुसली जाते. या आलेखाचा जीव तारखेच्या क्रमात आहे.

माझे मत

लॅबमधला हा तक्ता केसपेपरसारखाच मानला पाहिजे. केसपेपरवरची नोंद आपण खोडरबरने पुसत नाही, तशी इथेही पुसू नये. चुकीची बाटली लावली असे ठोस कारण सापडले, तर तो आकडा हिशेबातून जरूर वगळावा, पण कारण आणि सही शेजारी हवी. "बरा दिसत नाही" हे कारण नव्हे. नवी बाटली आली की नवा तक्ता, आणि निदान २० दिवसांचे २० आकडे घेऊन नव्या रेषा.

"छोट्या लॅबला हे परवडत नाही," असे काही जण म्हणतात. कंट्रोलचा खर्च आहे, मान्य. पण जो आकडा काढलाच आहे तो खरा आणि योग्य रकान्यात लिहायला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

तुम्ही काय कराल?

लॅबमध्ये संकोच न करता विचारा: रोज कंट्रोल लावता का? बाहेरच्या संस्थेकडून गुणवत्ता तपासून घेता का? वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी योजना चालवते. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, हेही विचारता येते. चांगल्या लॅबला या प्रश्नांचा राग येत नाही.

रिपोर्ट अचानक बदलला आणि तब्येतीत काहीच फरक नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगा. पुन्हा तपासणी करून घ्या. मात्र स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका.

आणि घरची बीपी-शुगरची वही? तिथेही हाच नियम. पुष्कळ जण तीनदा बीपी मोजतात आणि सर्वांत कमी आकडा लिहितात, डॉक्टर रागावतील म्हणून. तसे करू नका. तारीख, वेळ आणि आलेला प्रत्येक आकडा लिहा. मोजायचे राहिले तर जागा कोरी सोडा. मला नीटनेटकी वही नको, खरी वही हवी. तुमची गोळी त्या आकड्यांवरच ठरते.

काकू आता ठणठणीत आहेत. घरच्या मशीनचा आकडा त्या अजूनही आवर्जून सांगतात, आणि मी तो लिहून घेतो.