अप्पांचे हात आणि डावं चाक

"हात गेले माझे आता," असं अप्पा २०२२ च्या दिवाळीत म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. किती लगेच, ते आठवलं की आता लाज वाटते. म्हणून हे लिहितेय. (दादा, तू हे वाचशीलच. फोन करायच्या आधी शेवटपर्यंत वाच.)

आमची जिप्सी माहीत नाही असा माणूस आमच्या नात्यात नाही. बाकीच्यांसाठी सांगते. मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, फोर व्हील ड्राइव्ह, डिसेंबर १९९९ चं पासिंग. पुढेमागे पाटे, आणि पॉवर स्टेअरिंग नावाची चैन नाही. अप्पांनी ती बागेसाठी घेतली. बागेचा रस्ता म्हणजे जांभ्याचा चढ, पावसाळ्यात नुसता लाल चिखल. मी गाडी शिकले ती हिच्यावरच. शेजारी बसून अप्पा एकच सांगायचे, "सोड. तिला सोड. ती स्वतः येते सरळ." म्हणजे वळण संपलं की स्टेअरिंग उलट फिरवायचं नाही, तळव्यातून सैल सरकू द्यायचं, ते आपलं आपण मध्यावर येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात जे झालं ते मी पुन्हा सांगत बसत नाही. वाशिष्ठीचं पाणी आमच्या अंगणात आलं तेव्हा जिप्सी तिथेच उभी होती, आणि पाणी तिच्या बॉनेटच्या वर होतं. पाणी उतरल्यावर गाडी गॅरेजला गेली. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, दोन्ही डिफरन्शियलची ऑइलं सगळी बदलली, वायरिंग वाळवलं, सीटा उन्हात टाकल्या. गाडी चालू झाली त्या दिवशी आईने तिच्यापुढे नारळ फोडला.

त्यानंतर साधारण वर्षभराने स्टेअरिंग जड व्हायला लागलं. लागलं असं आता म्हणता येतं. तेव्हा कुणाला कळलंच नाही, कारण ते एका दिवशी झालं नाही. रोज केसभर जड होणारी वस्तू तीच रोज चालवणाऱ्याला कळत नाही, त्याला वाटतं आपणच दमलोय. अप्पांना तेच वाटलं. बागेतून आले की खांदे चोळत बसायचे. मग एकदा बाजारपेठेत गाडी वळवताना कुणाच्या तरी हातगाडीला लागली. फार काही झालं नाही, चार कणसं सांडली. पण त्या संध्याकाळी ते म्हणाले, "हात गेले माझे."

वय सत्तर. मग काय, सगळं कसं चपखल बसलं! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. गॅरेजवाल्याने आधी टाय रॉड एंड बदलले, मग अलाइनमेंट केलं, मग सांगितलं, स्टेअरिंग बॉक्स गेलाय, नवीन टाका, नाहीतर दुसऱ्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग बसवून देतो. खर्च अठरा हजारांपासून पुढे. दादा म्हणाला, कशाला खर्च करायचा, अप्पांनी आता चालवूच नये. आणि मी, पुण्यात बसून, फोनवर म्हणाले, "हो, दादा म्हणतो ते बरोबर आहे." चावी दादा मुंबईला घेऊन गेला. कपाटात एक जादा चावी होती. अप्पांनी तिला दोन वर्षं हात लावला नाही.

बागेत जायला ते रिक्षा करू लागले. रिक्षा चढावर जात नाही, म्हणून खाली उतरून चालत. मग आठवड्यातून एकदा. मग गडी फोन करेल तेव्हा.

२०२४ मध्ये गाडीच्या पासिंगचा प्रश्न आला. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षं चालतं, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावं लागतं, आणि आमची मुदत डिसेंबरात संपत होती. विकायची तर आताच, असं घरात ठरत आलं होतं. गिऱ्हाईकही होतं. दिवाळीला मी गेले तेव्हा म्हटलं, शेवटची एक चक्कर मारून येऊ. जादा चावी घेतली, दोन वर्षांत मेलेली बॅटरी बदलून आणली आणि गुहागरच्या रस्त्याला लागले.

दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. माझं वय चव्वेचाळीस, व्यायाम करते. पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट पहिल्या मोठ्या वळणानंतर घडली. सवयीने मी स्टेअरिंग सैल सोडलं, आणि ते आलंच नाही. वळलेलं होतं तसंच राहिलं. मला ओढून सरळ करावं लागलं, नाहीतर मी गटारात होते.

गाडी बाजूला लावली आणि नुसती बसून राहिले. कारण माणसाचे हात गेले तर स्टेअरिंग जड लागेल, हे ठीक. पण सोडलेलं स्टेअरिंग परत न येण्याशी हातांचा काय संबंध? ते तर हात नसतानाच यायला हवं! ज्या कण्यावर चाक वळतं तो किंचित मागे कललेला असतो, म्हणून चालती चाकं आपोआप सरळ होतात. ती होत नसतील तर खाली काहीतरी त्यांना धरून ठेवतंय. दोन वर्षं हे कुणालाही दिसलं नाही, कारण त्या गाडीत दुसरं कुणी बसलंच नव्हतं.

आमच्या आळीत एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे गेले. बॉक्स गेलाय म्हणतात, असं मी सांगताच म्हणाले, "कोणी बघितला?" मी गप्प. "मग गेला कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. अवजारांच्या पिशवीला हात लावायच्या आधी त्यांनी चाकांतली हवा पाहिली. हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड होतं, आणि तो फुकटचा इलाज आहे. मग खाली बसून पुढच्या चाकांचे हब पाहिले आणि आत फोर व्हीलचा दांडा पाहिला. ह्या गाडीत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा ताण स्टेअरिंगवर येतो. कुणी चुकून गाडी फोर व्हीलमध्येच ठेवली असती तर तेवढ्यानेही भागलं असतं. पण दांडा टू व्हीलवर, हब मोकळे.

मग जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली, धुऱ्याखाली घोड्या ठेवल्या. हवेतल्या चाकांना जमिनीचं घर्षण नाही. तरी स्टेअरिंग जडच. म्हणजे टायर सुटले. मग ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवली. हा जोड पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो, दोन बाजूंनी दोन हातोडे एकदम मारले की टक्‌कन सुटतो. आता वरचा बॉक्स वेगळा, खालची चाकं वेगळी. "फिरव," म्हणाले. मी करंगळीने फिरवलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखं.

अठरा हजारांचा बॉक्स! त्याला काहीही झालेलं नव्हतं.

मग टाय रॉड सोडवून एकेक चाक हाताने वळवलं. उजवं जरा अडून वळत होतं. डाव्याला आम्ही दोघं लोंबकळलो तेव्हा ते हललं. ज्याच्यावर चाक वळतं त्या किंगपिनच्या वर-खाली एकेक बेअरिंग असतं. तिथे पोचायला ब्रेक, हब, आतला ॲक्सल सगळं काढावं लागतं, दिवस जातो. गॅरेजमध्ये ते कुणी का उघडलं नाही, त्याचं उत्तर ह्या वाक्यातच आहे. वर-खालचे शिम मेस्त्रींनी वेगवेगळ्या सुतळीत बांधून ठेवले. मग आतलं पेन्सिलटॉर्चने दाखवलं. ग्रीस कसलं, दुधाच्या चहासारखा राडा, त्यात बारीक माती, आणि बेअरिंगच्या रुळांवर लाल गंज. मेस्त्रींनी ती माती बोटांत चोळली. "ही बागेची नाही," म्हणाले. "ही पुराची." बागेची लाल असते, ही राखाडी होती.

सगळी ऑइलं बदलली होती. पण किंगपिनपाशी ऑइल नसतंच, ग्रीस असतं, त्यामुळे ते कुणाच्या यादीत आलं नाही.

दोन्ही बाजूंची चार बेअरिंगं, सील, ग्रीस असं सगळं घातलं. शेवटी मेस्त्रींनी रद्दीवाल्याचा असतो तसा आकड्याचा ताणकाटा काढला, सील बसवायच्या आधी चाकाच्या आर्मला अडकवून ओढला आणि काट्यावर पाहिलं. एक ते दोन किलोंच्या मध्ये वळायला लागलं पाहिजे. कमी लागलं तर सैल, मग खड्ड्यात गेल्यावर पुढचं अख्खं धूड थरथरतं. जास्त लागलं तर पुन्हा पहिले पाढे. एक शिम कमी, एक जास्त, असं चार वेळा केलं. एकूण खर्च, मेस्त्रींची मजुरी धरून, बॉक्सच्या निम्म्याहून कमी.

आता माझं मत, ज्याच्यासाठी एवढं रामायण. 'बॉक्स गेलाय' आणि 'वय झालंय' ही दोन वाक्यं मला हल्ली एकच वाटतात. दोन्ही खरी असू शकतात. पण बहुतेक वेळा ती तपासणी संपल्यावर नाही, तपासायचा कंटाळा आला की उच्चारली जातात. आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर तो स्वतःच आधी म्हणून आपली सोय करून देतो. अप्पांनी "हात गेले" म्हटलं ही त्यांची तक्रार होती. आम्ही तिला निकाल समजलो. एवढंच करायचं होतं की आमच्यातल्या कुणीतरी एकदा त्या सीटवर बसून पाहायचं. एकदा! दोन वर्षांत चार दिवाळी-गणपती गेले, गाडी अंगणात होती.

गाडी जोडून झाल्यावर अप्पा बसले. अंगणातून बाहेर काढली, वळवली आणि स्टेअरिंग तळव्यांतून सोडलं. ते आलं. त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं खूश होतील. म्हणाले, "मग दोन वर्षं मी घरी कशाला बसलो होतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेस्त्री उगाचच नट पुसत बसले.

आता दादाचा मुद्दा. तो म्हणतो, हात ठीक निघाले म्हणून डोळे ठीक आहेत का, ब्रेकवर पाय वेळेवर जातो का? बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मग तेही बघू ना, एकेक सोडवून! अप्पांच्या लायसन्सला यंदा तसाही फॉर्म वन-ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागणारच होता. त्या निमित्ताने नीट डोळे तपासून घेतले. उजवा उत्तम. डाव्यात मोतीबिंदू धरतोय, दिवसा चालेल, रात्री समोरच्या दिव्यांनी दिपेल. हे मी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग अंधाराच्या आत येतो."

दादाने चावी कुरिअरने पाठवली, सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. पासिंग झालं. अप्पा सकाळी बागेत जातात, संध्याकाळी सहाच्या आत परत येतात आणि दोन्ही चाव्या स्वतःहून आईकडे देतात. ती त्या तांदळाच्या डब्यात ठेवते.