पंचनाम्यानंतरचे चौदा दिवस

दिवाळी तोंडावर आली की भेसळीच्या संशयावरून खवा, तेल, मिठाई जप्त झाल्याच्या बातम्या कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारख्याच झळकू लागतात. परंतु जप्तीने माल दोषी ठरत नाही, तो केवळ अडवला जातो, हा भेद त्या बातम्यांत सहसा हरवतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 38 नुसार अन्न सुरक्षा अधिकारी संशयास्पद साठा जप्त करून, नमुना घेतल्यावर, त्याच व्यावसायिकाच्या ताब्यात सुरक्षित ठेवू शकतो. नमुन्याचे चार सीलबंद भाग होतात: एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे शासनाने नेमलेल्या परीक्षकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास उरलेला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत असते.

खव्याच्या बाबतीत ही मुदत फार लांब पडते. पिठाची भेसळ आयोडीनच्या थेंबाने निळी पडून तिथल्या तिथे उघडी होते, पण दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तूप मिसळले असेल तर प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नसते. धनत्रयोदशीला उचललेल्या नमुन्याचा अहवाल हाती येईतो भाऊबीजही उलटलेली असते, आणि जप्तीआधी त्याच भट्टीतून विकला गेलेला खवा केव्हाच पोटात गेलेला असतो. म्हणून नमुने घेण्याची लगबग वसुबारसेला नव्हे, गणपतीच्या आधीपासून दिसायला हवी.

घाई करून भागत नाही, हेही तितकेच खरे. मॅगीत शिसे प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणावरून जून 2015 मध्ये निघालेला बंदीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2015 रोजी रद्द केला, कारण कंपनीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या मान्यतेतच खोट निघाली. कर्नाटकाने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली; त्यांतला रोडामाइन-बी हा रंग (मुळात कापड रंगवण्याचा) अन्नात आधीपासूनच वर्ज्य होता, म्हणजे उणीव नियमाची नव्हती.

कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातील चिंताकीसारख्या सीमेवरच्या गावांत आणखी एक पेच आहे. कायदा केंद्राचा असला तरी अंमलबजावणी मुख्यतः राज्यांकडे असते, त्यामुळे अधिकाऱ्याचा अधिकार नेमून दिलेल्या हद्दीशी संपतो, माल मात्र बाजाराच्या ओढीने हिंडतो. बीदर, नांदेड आणि लातूर येथील अधिकाऱ्यांनी एकाच आठवड्यात नमुने घ्यावेत, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तीन जिल्हा कार्यालयांतला पत्रव्यवहार पुरेसा आहे.