आधी पाणवठा, मग माणसे

दिवाळी जवळ आली की आपल्या संस्थांचे हंगामी कार्यक्रम जाहीर होऊ लागतात आणि त्यात पोलादपूरचा ढवळे घाट हमखास असतो. शुक्रवारी रात्री मुंबई किंवा पुण्याहून बस सुटते. शनिवारी सकाळी ढवळे गाव आणि चंद्रगड, रात्री गावात किंवा घाटात बहिरीच्या घुमटीपाशी मुक्काम, रविवारी गाढवमाळावरून आर्थर सीट. बस आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आलेली असते, ती सगळ्यांना घेऊन परतते. आखणी जुनी आहे, चांगलीही आहे. सावित्रीच्या खोऱ्यातून महाबळेश्वरच्या पठारापर्यंत हजारएक मीटर चढताना जावळीचे अरण्य जसे कळते तसे गाडीतून कधी कळत नाही.

तक्रार आहे ती जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीबद्दल. ‘जागा 40’ असे तिथे छापलेले असते, कारण बसमध्ये आसने 40 असतात. घुमटीपाशी सपाट जागा किती, झऱ्याला त्या महिन्यात पाणी किती, ढवळ्यात एका वेळी किती पाने वाढता येतील, यांपैकी कशाचाही त्या आकड्याशी संबंध नसतो. मुक्कामाच्या जागेची कुवत आधी मोजावी, तिच्यावरून माणसे ठरवावीत आणि मग त्या माणसांपुरते वाहन घ्यावे. नेते आणि आयोजक म्हणून आपण हा क्रम उलटा करून बसलो आहोत. शिबिरात पुढे निभावताना येणाऱ्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

पाण्याचाच हिशेब करू. संध्याकाळचा स्वयंपाक, सकाळचा चहा-नाश्ता, रात्रभराचे पिणे आणि दुसऱ्या दिवशीच्या चढाला भरून घ्यायच्या बाटल्या धरल्या तर माणशी 4 लिटर लागतातच. तीस जणांना 120 लिटर. डिसेंबरात झरा बऱ्यापैकी वाहता असतो, तेव्हा हे जाणवत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस तोच झरा लिटरभर बाटली भरायला दोन मिनिटे घेऊ लागला, की 120 लिटरना चार तास झाले. दिवसभर चालून आलेली माणसे अंधारात रांग लावतात. धीर सुटलेला एखादा डबक्यात भांडे बुडवतो आणि तळचा गाळ ढवळला जातो. मग पुढच्या सगळ्यांना गढूळ पाणी.

शिवाय हा पाणवठा एकट्या माणसांचा नाही. भेकर, रानडुक्कर, गवा रात्री इथेच येतात. झऱ्याला खेटून तंबू ठोकले की त्या रात्री त्यांना पाणी बंद. म्हणून दिवस मावळण्याआधी पाणी भरून घ्यावे आणि मुक्काम पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर करावा. शौचाला जाण्यासाठीही हेच अंतर, तेही उताराच्या खालच्या अंगाला. सोबत खुरपे हवे, वीतभर खोल खड्डा हवा आणि वर माती लोटलेली हवी. चाळीस माणसे एका सकाळी एकाच सोंडेवर पांगली तर हे पाळले जाणे अशक्य आहे, हे प्रत्येक नेत्याला मनातून ठाऊक असते.

आमचे मत स्पष्ट आहे. घाटातल्या मुक्कामाला नेत्यांसह पंधरा ही वरची मर्यादा समजावी आणि फेब्रुवारीनंतर तो मुक्काम कार्यक्रमातून काढावा. त्याहून मोठा गट असेल तर रात्र ढवळे गावातच काढावी आणि घाट दिवसाउजेडी एका दमात चढावा.

गावात राहणेही गृहीत धरू नये. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्यांतल्याच कित्येकींना टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र आणि खाली कातळ, त्यामुळे पडलेले पाणी टिकत नाही. अशा गावात उन्हाळ्यात चाळीस पाहुणे उतरवून आंघोळीला पाणी मागणे अन्यायाचे आहे. हिवाळ्यातही आठवडाभर आधी एकाने स्वतः जाऊन यावे. जेवण किती घरांत वाटून द्यायचे, दर काय, तांदळाच्या भाकरी किती जणींना थापाव्या लागतील, हे त्या घरच्या बायकांशी बोलून ठरवावे. निम्मे पैसे आधी द्यावेत. ऐन वेळी दहा जण गळाले तरी ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी, कारण बाजारहाट तर झालेलाच असतो. आपल्या क्षेत्रात ही शिस्त फार थोडे पाळतात, आणि गावांचा आपल्यावरचा विश्वास त्यामुळेच उडत चालला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. डोंगरात कोणी जायबंदी झाले तर स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात. घळीच्या वाटेवर दर काही मिनिटांनी खांदेपालट करावी लागते, म्हणजे अठरा माणसे तरी हवीत. मग पंधरांचा गट अपुराच नाही का? अपुरा आहेच. पण ज्यांनी कधी स्ट्रेचर उचललेले नाही, ज्यांचे स्वतःचे गुडघे उतारावर लटपटत असतात, अशी चाळीस माणसे असली म्हणून ते बळ वाढत नाही, उलट त्यांना सांभाळायलाच चार जण लागतात. अशा वेळी खरी मदत खालच्या गावातून येते आणि महाड, पोलादपूर, महाबळेश्वरच्या बचाव पथकांकडून येते. म्हणून गटात किती जण, कोणत्या वाटेने, कुठे मुक्काम, किती वाजेपर्यंत माथ्यावर पोहोचणार, हे लिहिलेला कागद ढवळ्यात एका घरी आणि शहरात एका जबाबदार माणसाकडे ठेवून मगच पहिले पाऊल टाकावे. घाटात मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर कोणतीही योजना उभी करू नये.

आता रस्त्याविषयी. मोहीम पायथ्याला सुरू होते असे आपण धरून चालतो आणि प्रवास बसमालकावर सोडतो. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. महाबळेश्वरला वर्षासहलीला निघालेले 30 जण गेले. एक जण वाचला, दरी चढून वर आला, आणि त्याच्यामुळे अपघात जगाला कळला. त्या दरीत दोर लावून उतरलेल्यांत आपल्याच क्षेत्रातले ट्रेकर होते. ज्यांनी ते काम केले त्यांना घाटरस्त्याविषयी वेगळे सांगायला नको. बाकीच्यांनी एवढे करावे: शुक्रवारी रात्रभर गाडी हाकलेल्या चालकाकडून शनिवारी आंबेनळी चढवून घेऊ नये. त्याच्या झोपेची सोय आपल्या तंबूंइतकीच आखावी, जमल्यास दुसरा चालक घ्यावा. परतीचा घाट अंधारात, धुक्यात उतरायची पाळी येणार असेल तर माथ्यावर पोहोचायची वेळ तरी अलीकडे घ्यावी, नाहीतर मुक्काम वाढवावा. सोमवारची कचेरी हे कारण पुरेसे नाही.

पावसाळी शिबिरांचा विषय या खोऱ्यापुरता तरी बंद व्हावा. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून बळी गेले, महाड शहर पुरात बुडाले, आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून बंद पडला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांना जे ओळखता आले नाही, ते एका रात्रीपुरते आलेले पाहुणे ओळखतील असे मानणे धोक्याचे आहे. उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी तंबू लावून ‘पावसातला अनुभव’ विकणाऱ्यांना या मासिकाचा विरोध राहील.

हंगामात, कोरड्या दिवसांतही जमिनीवर झोपायचे तर या मातीतला लाल विंचू लक्षात ठेवावा लागतो. या विंचवाच्या दंशावरचे जगन्मान्य काम महाडलाच झाले, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा दंशानंतर फुप्फुसांत पाणी होऊन रोगी दगावत. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी या दंशावर वापरले, निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि मृत्यूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते ते एक टक्क्यापर्यंत आले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण यातून काय घ्यायचे? वेळेचे भान. दंशानंतर उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की पहाटेची वाट पाहत बसू नये. रोग्याला चालवू नये, उचलून खाली आणावे आणि थेट पोलादपूर किंवा महाडच्या रुग्णालयात न्यावे. औषध डॉक्टरांनीच द्यायचे आहे. आपले काम वाटेतले तास वाचवणे आहे, म्हणून घुमटीपासून रुग्णालयापर्यंत रात्री किती वेळ लागेल हे कार्यक्रम जाहीर करण्यापूर्वीच नेत्याने मोजलेले हवे. बाकी खबरदारी सोपी. बूट तंबूच्या आत ठेवावेत, घालण्याआधी झटकावेत. चुलीसाठी दगड उचलताना उघडी बोटे खाली घालू नयेत.

चुलीवरून आठवण द्यायला हवी की राखीव वनात विस्तव पेटवणे भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा ठरतो. शेकोटीशिवाय शिबिर कसले, असे नवे सदस्य विचारतात. त्यांना वाळलेल्या कारवीची सोंड दाखवावी आणि वारा कुठून वाहतो ते दाखवावे. धूर कड्यावरच्या आग्या मोहोळापर्यंत गेला तर काय होते, हे जुन्या लोकांनी त्यांना सांगावे. रात्रीचे जेवण गावातूनच बांधून नेले, सकाळच्या चहाला वनखात्याच्या परवानगीने एक छोटा स्टोव्ह ठेवला, तर सरपणाचा प्रश्नच उरत नाही आणि ओझेही हलके होते.

संस्थांना या अंकापासून एक विनंती आहे. ढवळे घाट, हातलोट, मंगळगड, मधु-मकरंदगड अशा वाटांवर मुक्काम केलात, तर तिथल्या झऱ्याची नोंद आम्हाला पाठवा: तारीख, जागा, लिटरभर बाटली भरायला लागलेला वेळ आणि त्या रात्री तिथे असलेली एकूण माणसे. चार ओळी पुरेत. नोव्हेंबर ते मार्च अशा महिनावार नोंदी जमल्या की त्यांचा तक्ता आम्ही पुढच्या हंगामाच्या आधी, म्हणजे तुमच्या जागा जाहीर होण्यापूर्वी, याच पानावर छापू.