भरावाआधी ग्रामसभेत विचारा

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे लाभक्षेत्राच्या २२ गावांत महामुंबई सेझबाबत शेतकऱ्यांचे मत घेतले गेले. पुढे तो प्रकल्प झालाच नाही. पण निदान विचारले तरी! आता गुंठ्या-गुंठ्याने भराव पडतो, तेव्हा कोण विचारतो? खारेपाटात एकाने उघाडीकडे जाणारा नाला बुजवला की शेजारच्या दहा जणांचे भात कुजते.

धंद्याला आमचा विरोध नाही. रोह्यात धाटावच्या कारखान्यांवर कित्येक चुली पेटल्या, हे नाकारून कसे चालेल? पण सरपंच मंडळींनो, ना-हरकत दाखला देण्याआधी अर्ज ग्रामसभेत वाचा. नकाशात नाला दाखवलाय का, ते बघा. भर पावसात, भरतीच्या वेळी जागेवर उभे राहा, अर्जदारालाही सोबत न्या.