घडी मोडा

मराठीत नवी साडी नुसती नेसत नाहीत, तिची घडी मोडतात. आमच्या घरी तर ही घडी स्वतः मोडायचीही पद्धत नव्हती. दिवाळीला आईला साडी आली की ती आधी मावशीला किंवा शेजारच्या काकूंना द्यायची, ‘तू मोड गं घडी’ म्हणायची. मग काकू ती नेसून भिशीला जाऊन यायच्या, पदराला भज्यांचा वास लावून परत द्यायच्या, आणि त्यानंतर ती साडी आईची व्हायची. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, साडीबद्दल इतकं शहाणपण नंतर मला कुठेच भेटलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे माझ्या पलंगाखालची बॅग. तिच्यात माझ्या रिसेप्शनचा लेहेंगा आहे. किंमत 42,000 रुपये. अंगावर होता चार तास. म्हणजे तासाला साडेदहा हजार. त्या चार तासांतला एक तास मी वॉशरूमला कसं जायचं या विवंचनेत घालवला, तो धरलेला नाही. नंतर तो लेहेंगा मी एकदाही घातला नाही, आणि का, तर त्यातले फोटो सगळ्यांनी पाहिलेत म्हणून. मला कुणी बंदी घातलेली नव्हती. मीच स्वतःला घातली.

तेव्हा पुढे जे खरमरीत लिहिणार आहे, त्यातला पहिला फटका माझ्याच पाठीवर आहे असं समजा.

ऑक्टोबर 2023 मध्ये आलिया भट्ट राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्यायला गेली, तेव्हा तिने लग्नातलीच साडी नेसली होती. त्याची बातमी झाली. कौतुकाचे लेख आले, रील्स आल्या, ‘सस्टेनेबल’ हा शब्द त्या आठवड्यात शंभरदा ऐकला. एका बाईने स्वतःची साडी दुसऱ्यांदा नेसली, ही बातमी! तिचा दोष नाही, तिने चांगलंच केलं. पण जिथे याची बातमी होते, तिथे आपलं काहीतरी भलतंच बिघडलेलं आहे. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका लग्नाचा शालू नणंदेच्या लग्नात, भाच्याच्या मुंजीत, वास्तुशांतीला, सत्यनारायणाला बिनदिक्कत नेसायच्या. अल्बम काढून बघा. पंधरा वर्षांतले सात कार्यक्रम आणि एकच शालू, फक्त ब्लाउजच्या बाह्या फॅशनप्रमाणे कमी-जास्त. कुणाला त्यात काही सांगण्यासारखं वाटलं नाही.

शालूला ते जमायचं, याचं एक साधं कारण आहे. तो शिवलेला नसतो. साडेपाच मीटर कापडाला माप नसतं. तुम्ही पंचेचाळीस किलोंच्या असा की पंच्याहत्तर, निऱ्या दोन कमी पडतील किंवा दोन जास्त. बाळंतपण झालं, अंग सुटलं, बारीक झालात, शालू काही म्हणत नाही. बहिणीला होतो, सुनेला होतो. लेहेंगा मात्र एका विशिष्ट महिन्यातल्या, एका विशिष्ट डाएटवर असलेल्या तुमच्यासाठी शिवलेला असतो. ती बाई लग्नानंतर दोन महिन्यांत नाहीशी होते. शिवाय माझ्यासारख्यांच्या लेहेंग्यातली नेट ही नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. ती विरत नाही, मऊ होत नाही, घाम शोषत नाही. तिची ना दुपटी होतात ना पोतेरं.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणूनच तर अपसायकल करायचं! इथे माझं डोकं खरं फिरतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या फीडमध्ये एक नवा धंदा रुजलाय. आईच्या पैठणीपासून पर्स. आजीच्या शालूपासून जॅकेट. पदराची फ्रेम करून भिंतीवर. कात्री चालतानाचा आवाज, वर सतार, खाली ‘आठवणी जपा’. फाटक्या साडीचं हे करत असाल तर माझा तुम्हाला नमस्कार आहे. पण त्या व्हिडिओंत फाटकी साडी क्वचित दिसते. धडधाकट पैठणी कापलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, पदराच्या बरोबर मधोमध.

पैठणीचा पदर म्हणजे काय असतं, ते एकदा येवल्याला जाऊन माग चालताना बघा. पदरावरचा मोर छापलेला नसतो, नंतर भरतकाम करून काढलेलाही नसतो. विणतानाच प्रत्येक रंगाचा धागा हाताने वेगळा घालून, शेजारच्या रंगात अडकवून तो उभा केलेला असतो. म्हणून खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटला तरी मोर तसाच दिसतो, मागे धाग्यांचं जंजाळ नसतं. साध्या पैठणीलाही काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला काही महिने. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कामाला. आणि आपण तो पदर मोबाइल आणि लिपस्टिक मावेल एवढ्या बटव्यासाठी कापतो. बरं, त्या बटव्याला झिप लावायची, आत पॉलिएस्टरचं अस्तर. वर्षभरात झिप जाते. मग बटवा जातो. पैठणी तर आधीच गेलेली असते.

आपल्याकडे जुन्या साडीचं काय करायचं हे कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि त्याला एक क्रम होता. साडी आधी नेसायची. विरली की दंड घालायचा, म्हणजे मधला झिजलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे आणि जोड निऱ्यांत लपवायचा. तेही पुरे झालं की सुती लुगड्याची दुपटी, मग गोधडी. आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. चार-पाच लुगड्यांचे थर, वरून धावदोरा. रेशमी साडीचे काठ काढून मुलीचं परकर-पोलकं, बाळाची कुंची, देवाच्या चौरंगावरचं वस्त्र. शेवटी उरायचं फडकं. कात्री या सगळ्यात उशिरा यायची, कापड स्वतःहून हरल्यावर. यातलं बरंचसं गरिबीमुळे होतं हे मला माहीत आहे. दंडाचं लुगडं नेसणाऱ्या बाईला त्यात काही काव्य दिसत नव्हतं, तो जोड चारचौघांत दिसू नये म्हणून तिचा जीव जायचा. मी ती गरिबी परत मागत नाही. मी फक्त तो क्रम मागते.

वसईच्या माझ्या मैत्रिणीने तिचा लग्नाचा पांढरा गाऊन मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी उसवला. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, ‘अगं, गाऊन मी दुसरीकडे कुठे घालणार होते? मासळी आणायला?’ बरोबर आहे. शिवलेल्या, एकाच प्रसंगाच्या कपड्याला कात्री लागणं हा त्याचा पुढचा जन्म. माझ्या लेहेंग्यालाही मी आता तेच करणार आहे. कॅनकॅन काढून टाकायचा, घेर कमी करायचा, वर साधा पांढरा शर्ट. ओढणी काळ्या कुर्त्यावर चालेल. आणि तुमचं लग्न व्हायचं असेल तर माझं ऐका, लेहेंगा भाड्याने आणा. शालूला मात्र दुसरा जन्म नको असतो, त्याचा पहिलाच अजून जगून झालेला नसतो.

तो का झालेला नसतो, हा खरा मुद्दा. इथपर्यंत मी जरा टाळत आले.

माझ्या आईचा शालू हिरवा आहे, 1992 चा, सासरकडून आलेला. 2021 च्या एप्रिलमध्ये बाबा कोविडने गेले. फेब्रुवारी 2023 मध्ये माझं लग्न झालं. मी आईला म्हटलं, तू शालू नेस. तिने कपाट उघडलं, शालू काढला, पलंगावर ठेवला. खोलीत आत्या होती. आत्या वाईट नाही. बाबा दवाखान्यात असताना रात्ररात्र फोनवर जागी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘वहिनी, हिरवा बरा दिसेल का?’

आईने शालू परत ठेवला. लग्नात ती बिस्किटी रंगाची साडी नेसली. फोटोत ती कडेला उभी आहे, आणि मी मध्ये, मेकअप पुसला जाईल म्हणून न रडता. मी आत्याला एक शब्द बोलले नाही. मुहूर्त होता, पाहुणे होते. कारणं भरपूर होती.

आजीचंही तेच झालं होतं. आजोबा 1969 साली गेले. आजीचा बनारसी शालू ट्रंकेत राहिला तो राहिलाच. पुढे दारावर जुनी जरी घेणारा आला, तेव्हा तिने तो देऊन टाकला. ‘नेसायचा तर नाही, ठेवून काय करू?’ हे लोक साडी जाळतात. रेशीम जळून जातं, जरीतली चांदी राखेतून काढतात. जो पैसा आला, त्यातून प्रेशर कुकर घेतला. तो कुकर आम्ही पुढे कित्येक वर्षं वापरला. त्याची वरणफळं मी खाल्ली आहेत.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. माझ्या लग्नाच्या नऊ महिने आधीची गोष्ट ही. आम्ही शहरातली शिकलेली माणसं, आमच्यात बांगड्या फोडत नाहीत. आम्ही ‘बरा दिसेल का’ असं विचारतो.

म्हणून ‘लग्नाचा शालू जपून ठेव’ या वाक्याचा मला आता राग येतो. कुणासाठी जपायचा? त्या वाक्याच्या पोटात असं गृहीत आहे की तो शालू बाईचा नाहीच, त्या दिवसाचा आहे, नवऱ्याचा आहे, तिच्या कपाळावरच्या कुंकवाचा आहे. नवरा गेला की साडी गेली. घटस्फोट झाला तरी गेली. समंथाने 2017 च्या लग्नातला पांढरा गाऊन 2024 मध्ये काळा करून, बदलून घातला, तेव्हा त्यात सूड शोधणारे लोक निघालेच. बाईने स्वतःचा कपडा वापरला, एवढं साधं स्पष्टीकरण कुणाला पुरत नाही.

आणि ज्या पांढऱ्या गाऊनची जगभर नक्कल झाली, तो घालणारी राणी व्हिक्टोरिया बघा. लग्न 1840 चं. 1861 मध्ये नवरा गेला, पुढे मरेपर्यंत ती काळ्या कपड्यांत राहिली. पण 1897 मध्ये तिच्या राज्याला साठ वर्षं झाली, तेव्हा जो अधिकृत फोटो प्रसिद्ध झाला, त्यात तिच्या डोक्यावर लग्नातलीच लेस आहे. सुतकाच्या बाबतीत तिच्याइतकी कर्मठ बाई शोधून सापडणार नाही. लेस मात्र तिने सोडली नाही.

जपून ठेवल्याने शालू टिकतो, हेही खोटं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून राहिलं की त्याच रेषेवर तुटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहतं. चांदीची जरी काळी पडते. दर तीन-चार महिन्यांनी साडी बाहेर काढून सावलीत हवा द्यायची, घडी बदलायची, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायची, डांबराच्या गोळ्या जरीला भिडवायच्या नाहीत. कुठल्याही जुन्या साडीवाल्याला विचारा, तो हेच सांगेल. म्हणजे तिला टिकवायची तरी घडी मोडावीच लागते.

मागच्या महिन्यात आम्ही आईचा शालू उघडला. मधल्या घडीवर दोन ठिकाणी रेशीम फाटलं होतं, बोटभर. रफूवाल्याने साडेतीनशे रुपये घेतले आणि काम असं केलं की मला आता जागा सापडत नाही. फॉल पार कुजला होता, तो नवा लावला. 1992 चं ब्लाउज अर्थातच होत नाही. शिंप्याने आत माया शोधली, नाही म्हणाला. माझं काळं ब्लाउज तिला जरा सैल होतं, पण काळ्यावर हिरवा उठून दिसतो.

येत्या रविवारी आत्याच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. आमंत्रणाचा फोन आत्याचाच होता. ओटी भरायला कोण कोण आहे, हे ती सांगत होती. आईने मध्येच तोडून विचारलं, ‘मी पण भरणार आहे हं, नारळ मी आणू की तुमच्याकडे आहे?’ पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग आत्या म्हणाली, ‘आण. मोठा बघून आण.’

फोन ठेवल्यावर आई आरशापुढे पदर खांद्यावर टाकून बघत होती. ‘पिन लावू का मोकळाच सोडू?’ म्हणाली.