मुलाखतीतील आलोचना

संवत्सरीच्या सायंकाळी छत्रपती संभाजीनगरातील स्थानके आणि उपाश्रय भरून जातात. दिवसभराचा उपवास झालेला असतो, दुकाने बंद असतात आणि आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसलेला नातूही वर्षभराच्या दोषांचे स्मरण करतो. प्रतिक्रमण संपते, हात जोडले जातात आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द घरोघरी जातात. आपल्या हातून चूक होते व ती बोलून दाखवावी लागते, हा संस्कार जैन घरातील मुलाला अक्षरओळखीच्या वयातच मिळतो.

हाच मुलगा पुढे वाणिज्य शाखेची किंवा अभियांत्रिकीची पदवी घेतो आणि एखाद्या कंपनीच्या मुलाखतीला बसतो. समोरचा अधिकारी शांतपणे विचारतो, “आपल्यातील एखादी उणीव सांगा.” क्षणभर थांबून मुलगा पाठ केलेले उत्तर देतो, “सर, मी कामात फार परिपूर्णतेचा आग्रह धरतो. काम संपेपर्यंत मला घरी जाववत नाही.” अधिकारी किंचित हसतो, कारण त्या दिवसातील हे त्याने ऐकलेले पाचवे तसेच उत्तर असते. नोकरी मिळेल किंवा न मिळेल. परंतु संवत्सरीला जे मन खरे बोलले, ते मुलाखतीच्या खुर्चीत खोटे का बोलले, हा प्रश्न त्या मुलाच्या घरासाठी नोकरीहून मोठा आहे.

व्यापारी कुटुंबांत ही अडचण नवी आहे. गुलमंडी, टिळक पथ, शहागंज किंवा मोंढा येथील पेढीवर बसणाऱ्या मुलाची कधी मुलाखत झाली नाही. त्याची उणीव वडिलांना, काकांना आणि जुन्या मुनिमांना ठाऊक असे. तो उधारी मागायला लाजतो की हिशेबात घाई करतो, हे गादीवरच कळे आणि तिथेच सुधारले जाई. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्रा परिसरात उद्योग आले आणि शहराचे स्वरूप पालटले. आज त्याच घरांतील मुले-मुली सनदी लेखापाल, अभियंते, बँक अधिकारी होत आहेत. त्यांना ओळखणारे कोणी समोर नसते. अर्ध्या तासात अनोळखी माणसाला आपली ओळख करून द्यावी लागते. त्यात भर अशी, की दुकानात वाढलेल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून मालाची वाखाणणीच पडलेली असते. आपल्या मालात खोट आहे असे कोणता व्यापारी सांगेल, असे त्याला सहज वाटते.

परंतु जुन्या पेढ्यांची पत अशा समजावर उभी राहिली नव्हती. ताग्यात डाग असेल तर गिऱ्हाइकाने शोधण्यापूर्वी तो स्वतः दाखवायचा आणि भाव त्याप्रमाणे कमी करायचा, ही चांगल्या दुकानदाराची रीत. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजने-मापे वापरणे आहे, तसाच प्रतिरूपक व्यवहारही आहे. म्हणजे हलका माल चांगल्या मालाच्या रूपात खपवणे. गुणालाच उणिवेचे वस्त्र नेसवून ती खरी उणीव म्हणून सांगणे, हा शब्दांतील प्रतिरूपक व्यवहारच होय. मालाच्या बाबतीत जे आपण करणार नाही, ते स्वतःच्या बाबतीत करण्याची मुभा कोणी दिली?

अधिकारी हा प्रश्न विचारतो तो उमेदवाराला पकडण्यासाठी नव्हे. त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. या माणसाला स्वतःचा दोष दिसतो का? तो दोष या कामाला बाधक आहे का? आणि दोष दिसल्यावर तो काही करतो का? यांतील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची असते. ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याला शिकवता येत नाही. आणि जो ती लपवतो, त्याच्या हातची चूक वर्षअखेरीस हिशेब तपासताना उघडी पडते. तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

या प्रश्नाचे सर्वांत काटेकोर रूप सैन्यदलाच्या अधिकारी निवडीत पाहायला मिळते, आणि त्याच्याशी या शहराचे जवळचे नाते आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी महाराष्ट्रातील मुलांची तयारी करून घेणारी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून याच शहरात आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पुढे सेवा निवड मंडळासमोर जावे लागते आणि तेथील चाचण्या सुमारे पाच दिवस चालतात. मानसशास्त्रीय चाचण्यांच्या शेवटी त्याला स्वतःचे वर्णन लिहावयास सांगतात. आईवडिलांचे आपल्याविषयी काय मत आहे, शिक्षकांचे काय, मित्रांचे काय, स्वतःचे काय आणि पुढे आपल्याला कसे व्हावयाचे आहे, अशा पाच अंगांनी ते लिहायचे असते. वेळ साधारण पंधरा मिनिटांचा मिळतो. मानसशास्त्रज्ञ हे लिखाण पाहतो, दुसरा अधिकारी मैदानावरील गटकार्यातील वागणूक पाहतो आणि तिसरा प्रत्यक्ष मुलाखत घेतो. अखेरच्या दिवशी तिघांची मते एकत्र येतात. अशा व्यवस्थेत बनावट उत्तर फार काळ टिकत नाही. ‘मी सर्वांना सोबत घेऊन चालतो’ असे लिहिणारा मुलगा मैदानात इतरांना बोलूच देत नसेल, तर त्याचे लिखाणच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. साध्या कंपनीच्या मुलाखतीत पाच दिवस नसतात. परंतु तेथे सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ असतो आणि तोही हेच काम करतो.

दोष कसा सांगावा, याचा विचार जैन परंपरेने फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचनेला पहिले स्थान आहे आणि श्वेतांबर व दिगंबर अशा दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत. दोष कबूल करतानाही माणूस कोणकोणत्या वाटांनी निसटतो, याची ती यादी आहे. आजच्या मुलाखतीच्या खोलीत ती जशीच्या तशी लागू पडते.

गुरूला सेवेने आधी प्रसन्न करून घ्यायचे, म्हणजे तो प्रायश्चित्त सौम्य देईल, हा आकंपित दोष. मुलाखतीत तो उमेदवार कंपनीची अवाजवी स्तुती करून उणिवेच्या प्रश्नातून सुटू पाहतो. समोरच्याचा कल अजमावून, शिक्षा हलकी मिळेल असे वाटले तरच बोलायचे, हा अनुमानित दोष. अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत अर्ध्यावर उत्तर बदलणारा उमेदवार तो करतो. इतरांनी पाहिलेली चूक तेवढी सांगायची आणि न दिसलेली गिळायची, हा दृष्ट दोष. गुणपत्रिकेत एक विषय राहिलेला दिसतोच, म्हणून तेवढाच सांगणारा उमेदवार या वर्गात येतो. मोठा दोष सांगून बारीक लपवणे हा बादर, आणि किरकोळ दोष सांगून मोठा झाकणे हा सूक्ष्म दोष. ‘मला कधी कधी सकाळी उठायला उशीर होतो’ असे हसत सांगून, दिलेली मुदत एकदाही पाळता येत नाही ही गोष्ट दडवणे, हे सूक्ष्माचे उदाहरण. स्पष्ट न बोलता आडून सुचवणे हा छन्न दोष. प्रश्न स्वतःविषयी असताना ‘आजच्या तरुणांत संयम कमी असतो’ असे सर्वांविषयी उत्तर देणारा त्याच आडोशाला उभा असतो.

राहिलेल्या दोषांपैकी अव्यक्त दोष येथे विशेष लक्षात घ्यावा. ज्याला त्या विषयाची जाण नाही, त्याच्यापुढे केलेली आलोचना निष्फळ ठरते. याचा अर्थ, सर्व काही सर्वांपुढे मांडणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. मुलाखत घेणारा गुरू नाही. घरातील कलह, मनातील जुने दुःख, एखाद्या नातेवाईकाचे कर्ज हे त्याच्यापुढे मांडण्याचे कारण नाही. त्याने कामाविषयी विचारले आहे आणि उत्तर कामाविषयीच द्यावे. न विचारलेले न सांगणे आणि विचारलेले खोटे सांगणे, यांतील अंतर व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे समजवावे लागू नये.

मग योग्य उत्तराचे स्वरूप कोणते? झालेल्या दोषापासून परत फिरणे हे प्रतिक्रमण, चालू दोष ओळखून सांगणे ही आलोचना आणि पुढे तो न करण्याचा निश्चय हे प्रत्याख्यान, असा क्रम परंपरेने घालून दिला आहे. चांगल्या उत्तरात हे तिन्ही काळ येतात. लेखा विभागात काम मागणारा तरुण असे म्हणू शकेल, “सर, एखादी गोष्ट समजली नाही तर विचारायला मी संकोचतो. प्रशिक्षणाच्या काळात जीएसटीच्या एका नोंदीविषयी शंका असूनही मी विचारले नाही आणि विवरणपत्र वरिष्ठांना पुन्हा तयार करावे लागले. तेव्हापासून शंका वहीत लिहून ठेवतो आणि सायंकाळी एकत्र विचारतो. संकोच पूर्ण गेला आहे असे म्हणणार नाही. पण शंका ठेवून आता कागदावर सही करीत नाही.” या उत्तरात घटना आहे, झालेले नुकसान आहे, केलेला उपाय आहे आणि जे अजून उरले आहे त्याची कबुलीही आहे. शेवटचे वाक्य गाळले तर उत्तर पुन्हा पाठांतरासारखे वाटू लागते. दोष समूळ नाहीसा झाला असेल, तर ती आजची उणीव उरत नाही.

दोष निवडतानाही विवेक हवा. रोखपालाच्या जागेसाठी आलेल्याने आकडेमोडीत चुका होतात असे सांगणे खरे असेल, तर प्रश्न उत्तराचा नसून जागेच्या निवडीचा आहे. अशा वेळी ती जागा न स्वीकारणे हेच स्वतःशी आणि मालकाशी प्रामाणिक वागणे ठरते.

जैन तरुणांपुढे आणखी एक प्रश्न येतो. रात्रिभोजनाचा त्याग, कंदमुळांचा त्याग, पर्युषणातील उपवास या गोष्टी उणीव म्हणून सांगाव्यात काय? मुळीच नाही. व्रत हा दोष नव्हे, म्हणून त्याची क्षमायाचनेच्या सुरात वाच्यता करू नये. परंतु ते लपवूही नये. पाळीचे काम असेल, तर सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी थोडा वेळ लागेल आणि संवत्सरीला रजा हवी असेल, हे कामाच्या अटी ठरत असतानाच साधेपणाने सांगावे. आधी लपवून महिन्याभराने सवलत मागणारा कर्मचारी स्वतःबरोबर व्रतालाही हलकेपणा आणतो. तसेच ‘घरचे दुकान असताना नोकरी का? दोन वर्षांनी परत जाल’ हा प्रश्नही उणिवेचाच एक प्रकार आहे. त्यावर आयुष्यभराची हमी देण्याची गरज नाही. आज मनात जे आहे ते, आणि दुकानात जे शिकलो त्याचा येथे काय उपयोग होईल ते, एवढे सांगणे पुरेसे आहे.

उपासकदशांगातील आनंद श्रावकाचा प्रसंग येथे आठवतो. आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ. त्याची संपत्ती भांडार, व्यापार आणि घरसंसार अशा तीन समान भागांत विभागलेली होती. अंतिम आराधनेत त्याला अवधिज्ञान झाले. गणधर गौतमस्वामींना त्या ज्ञानाचा विस्तार गृहस्थाच्या बाबतीत असंभव वाटला आणि त्यांनी आनंदाला आलोचना करण्यास सांगितले. आनंदाने नम्रपणे विचारले, खऱ्याचे प्रायश्चित्त घ्यावयाचे असते काय? गौतमस्वामी साशंक झाले, भगवान महावीरांकडे गेले, आणि आनंद खरे बोलत आहे हे कळताच परत येऊन त्यांनी एका व्यापारी गृहस्थाची क्षमा मागितली. भगवंतांच्या प्रथम शिष्याचे पद त्यामुळे उणे झाले नाही. अडीच हजार वर्षे त्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्यात या क्षमायाचनेचाही वाटा आहे.

मुलाखतीच्या तयारीसाठी वर्ग लावता येतात, उत्तरांची पुस्तके मिळतात. खरी तयारी मात्र घरात होते. काच फुटली म्हणून ज्या घरात आधी रागावले जाते, तेथील मूल लवकरच सांगायचे थांबते. वडीलच जेवताना सहज म्हणाले, ‘आज एका गिऱ्हाइकाला मी चुकीचा भाव सांगितला, उद्या फोन करून फरक परत देईन,’ तर मुलाने शंभर पुस्तकांतून जे शिकले नसते ते तो एका वाक्यात शिकतो. रोकड जुळत नसेल तर व्यापारी दिवा मालवत नाही. चूक सापडेपर्यंत बसतो. तीच रीत मुलांना स्वतःच्या बाबतीत लागली, तर समोर कोणताही अधिकारी असो, उणिवेच्या प्रश्नाला घाबरण्याचे कारण उरणार नाही. संवत्सरी वर्षातून एकदा येते. तिने लावलेली सवय मात्र प्रत्येक दिवशी उपयोगी पडावी, यासाठीच ती आहे.