अस्सलतेचा दंडक आणि आधुनिक चिनी साहित्य

१

आधुनिक चिनी साहित्यासंबंधी इंग्रजीतून जे लिहिले जाते आणि त्याच्या आधारे मराठीत जे बोलले जाते, त्यात एक प्रश्न हमखास डोकावतो : हे साहित्य खरोखर चिनी आहे काय? वरकरणी हा प्रश्न जिज्ञासेचा दिसतो. वस्तुतः तो प्रश्न नसून निवाडा असतो. थांग राजवटीतील कविता निर्विवादपणे चिनी, विसाव्या शतकातील कविता मात्र संशयास्पद. डोंगरातील विरक्त चिनी, शहरातील कामगार तितकासा नाही, अशी एक उतरंड त्यामागे गृहीत धरलेली असते. युरोपीय साहित्य बदलले तर त्याला इतिहास म्हणायचे आणि चिनी साहित्य बदलले तर अनुकरण म्हणायचे, असा हा दुहेरी न्याय आहे. हा न्याय कृतीच्या भाषेत न शिरता कृतीचा जन्मदाखला मागतो. म्हणूनच तो वाङ्मयबाह्य आहे आणि समीक्षेने तो टाकून दिला पाहिजे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

या दंडकाची सर्वांत परिणामकारक मांडणी स्टीफन ओवेन यांच्या १९९० मधील लेखात आढळते. ओवेन हे थांग कवितेचे मोठे अभ्यासक. त्यांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बेइ दाओ यांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादाचे परीक्षण करताना त्यांनी 'जागतिक कविता' या संकल्पनेचीच झडती घेतली. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : पाश्चात्त्येतर कवी आंतरराष्ट्रीय वाचकाकडे डोळा ठेवून लिहितो, त्यासाठी सहज भाषांतरित होतील अशा प्रतिमा निवडतो, चवीपुरता स्थानिक रंग मिसळतो, परिणामी पाश्चात्त्य वाचकाच्या हाती त्याच्याच आधुनिकतावादाची फिकट आवृत्ती परत येते. ही कविता अन्य कोणत्याही छोट्या देशातील कवीची असती तरी फरक पडला नसता.

या युक्तिवादात तथ्यांश आहे. भाषांतराला बाजारपेठ असते, पारितोषिकांना राजकारण असते, आणि दोहोंचा ताण लेखकावर पडतो. रे चौ यांनी १९९३ च्या 'रायटिंग डायस्पोरा' या ग्रंथात ओवेन यांना सडेतोड उत्तर दिले. आपण जन्मभर जिची उपासना केली त्या प्राचीन संस्कृतीचे आजचे वारस तिच्यासारखे वागत नाहीत, हा अभ्यासकाचा विषादच या टीकेतून बोलतो आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. उत्तर मार्मिक आहे; परंतु ते ओवेन यांच्या मनोभूमिकेचे विश्लेषण करते, बेइ दाओ यांच्या कवितेचे नव्हे. आवश्यक होते ते निराळेच. ही कविता ज्या भाषेत लिहिली गेली त्या भाषेत ती कशाच्या विरोधात उभी होती, हे पाहावयास हवे होते.

डिसेंबर १९७८ मध्ये बेइ दाओ आणि मांग के यांनी 'चिन्थ्येन', म्हणजे 'आज', या नावाचे नियतकालिक काढले. पहिला अंक चक्रमुद्रित होता व तो बीजिंगमध्ये भिंतींवर डकवण्यात आला. मराठी लघुनियतकालिकांच्या वाचकाला हे चित्र अगदीच अपरिचित नाही. मात्र तेथे हा खटाटोप कितीतरी अधिक धोक्याचा होता, आणि १९८० मध्ये सरकारने नियतकालिक बंद पाडले. सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात सार्वजनिक चिनी भाषा घोषणांची, अवतरणांची आणि वर्गशत्रूला लावायच्या ठरीव विशेषणांची भाषा झाली होती. १९४९ नंतर ज्या कवींना स्वतःची कविता लिहिणे अशक्यप्राय झाले त्यांच्यापैकी काही भाषांतराकडे वळले होते. त्यांच्या हातून चिनीत एक वेगळी वाक्यरचना, वेगळी लय घडत गेली. वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती छापलेली, पिवळ्या व करड्या मुखपृष्ठांची परदेशी पुस्तके या काळात तरुणांच्या हाती लागली आणि गुपचूप फिरत राहिली. बेइ दाओ यांच्या पिढीने या 'भाषांतर-शैली'तून आपली भाषा मिळवली.

म्हणजे जी भाषा इंग्रजी वाचकाला उसनी वाटते, ती चिनी वाचकाला घोषणेच्या तावडीतून सुटलेली वाटली. इंग्रजीत जे परिचयाचे, ते चिनीत धोक्याचे होते. हा फरक अनुवादाच्या पानावर उमटत नाही, कारण ज्या अधिकृत भाषेशी त्या कवितेचे भांडण होते ती भाषा त्या पानावर नसते. ओवेन यांना चिनी उत्तम येते. तरीही त्यांनी या कवितेची तुलना बाराशे वर्षांपूर्वीच्या कवितेशी केली, समकालीन वृत्तपत्राच्या अग्रलेखाशी केली नाही. चूक ज्ञानाची नाही, संदर्भचौकटीच्या निवडीची आहे.

३

या निवडीमागे एक जुनी मिथ्यकथा आहे. चिनी लिपी ही चित्रांची लिपी, म्हणून चिनी भाषा ही जात्याच काव्यमय, मूर्त आणि काळाच्या बाहेर उभी असलेली भाषा, ही ती मिथ्यकथा. अर्नेस्ट फेनोलोसा १९०८ मध्ये निवर्तले. त्यांच्या टिपणांवरून एझ्रा पाउंड यांनी १९१५ मध्ये 'कॅथे' हा संग्रह सिद्ध केला आणि चिनी लिपीवरील फेनोलोसांचा निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी कवितेला त्यातून नवी प्रतिमाशक्ती मिळाली, हे मान्यच आहे. परंतु चिनी लिपीचे वर्णन म्हणून तो निबंध टिकत नाही. बहुसंख्य चिनी अक्षरांत एक घटक अर्थाचा प्रांत सुचवतो आणि दुसरा उच्चार सुचवतो. 'आई' या अर्थाच्या 'मा' या अक्षरात 'स्त्री' आणि 'घोडा' अशी दोन अंगे आहेत. त्यांतील घोडा केवळ त्याच्या 'मा' या उच्चारासाठी आलेला आहे. अक्षरात चित्र पाहणाऱ्याला तेथे आईऐवजी भलताच प्राणी दिसेल. अक्षरांच्या सहा प्रकारांचे विवेचन शू शन या चिनी कोशकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीच आपल्या कोशात केले होते.

गंमत अशी, की पाउंड जुन्या चिनी कवितेतून नवी इंग्रजी कविता घडवीत होते, नेमक्या त्याच वर्षांत चिनी लेखक त्या जुन्या भाषेचे जोखड झुगारून देत होते. १९१५ मध्ये छन तूश्यू यांनी शांघायमध्ये, पुढे 'नवयुवक' या नावाने गाजलेले मासिक सुरू केले. जानेवारी १९१७ मध्ये हू शी यांनी त्यात बोलभाषेच्या बाजूने आपला जाहीरनामावजा लेख लिहिला. मे १९१८ मध्ये लू शुन यांची 'वेड्याची रोजनिशी' तेथेच प्रसिद्ध झाली. त्या कथेची प्रस्तावना अभिजात चिनीत आहे आणि वेड्याची रोजनिशी बोलभाषेत. नवे सत्य नव्या भाषेतच बोलले जाते, आणि ते बोलणारा वेडा ठरतो. कथेचे शीर्षक गोगोलवरून घेतलेले आहे. त्यामुळे ती कमी चिनी ठरते काय?

१९६७ मध्ये जाक देरिदा यांनी पाश्चात्त्य वाक्केंद्री परंपरेला बसलेला पहिला तडा म्हणून फेनोलोसा-पाउंड यांच्या काव्यशास्त्राचा गौरव केला. परंपरेच्या चिकित्सेत अग्रभागी असलेला हा विचारवंतही चीनचा उपयोग युरोपचे 'अन्य' म्हणूनच करतो. झांग लोंगशी यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की 'ताओ' या शब्दातच 'मार्ग' आणि 'बोलणे' हे दोन्ही अर्थ आहेत, आणि विचार, वाणी व लेखन यांची उतरंड चिनी परंपरेलाही परकी नाही. एखाद्या संस्कृतीचा गौरव करूनही तिला संभाषणातून वगळता येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लिपीचे जे, तेच शब्दांचे. 'वेन्श्वे' हा शब्द कन्फ्यूशियसच्या 'संवादां'त विद्याव्यासंग या अर्थाने येतो. 'साहित्य' हा त्याचा आजचा अर्थ मुख्यतः जपानमार्गे रूढ झाला. 'कमिंग' म्हणजे स्वर्गाने दिलेल्या राज्याधिकाराचा बदल. जपानी विद्वानांनी तो 'क्रांती'साठी योजला आणि तो शब्द त्या अर्थासह घरी परतला. येन फू यांनी १८९८ मध्ये हक्सलेचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यांना हे जपानी घडणीचे शब्द नको होते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसाठी त्यांनी अभिजात चिनीतून स्वतःचे शब्द घडवले. ते आज कोशात उरले आहेत. जे शब्द टिकले ते समुद्र ओलांडून आलेले. लिडिया लिऊ यांनी १९९५ च्या ग्रंथात अशा शब्दांच्या याद्याच दिल्या आहेत. 'चिनी साहित्य' या पदातील 'साहित्य' हा शब्दच जर असा फिरून आलेला असेल, तर अशा साहित्याची शुद्धता कोणत्या वजनाने तोलायची?

४

यावर असे म्हटले जाईल, की चिनी लेखकांनी स्वतःच मुळांचा शोध घेतला आहे. १९८५ मध्ये हान शाओकुंग यांनी 'साहित्याची मुळे' हा निबंध लिहिला आणि 'मूळशोधक' साहित्याची चळवळ उभी राहिली. देशीवादाच्या मराठी पुरस्कर्त्यांना हे उदाहरण जवळचे वाटेल. परंतु ते पूर्ण पाहिले पाहिजे. त्याच हान शाओकुंग यांनी दोन वर्षांनी आपल्या बहिणीबरोबर मिलान कुंदेराच्या 'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग'चा चिनी अनुवाद केला, तोही इंग्रजीवरून. मुळे शोधणाऱ्या या पिढीला गार्सिया मार्केझच्या उदाहरणाने बळ दिले होते.

हान यांची 'माछ्याओचा शब्दकोश' ही कादंबरी १९९६ मध्ये आली. हूनान प्रांतातील एका कल्पित खेड्याच्या बोलीचा हा कोश आहे. एकेक नोंद म्हणजे एकेक कथा. या खेड्यात 'जागा' या शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा आहे. ज्या मीलुओ नदीत 'सारे धुंद, मी एकटा शुद्धीवर' म्हणणारा छ्यू युआन बुडाला, त्या नदीचा हा प्रदेश. ग्रंथांनी ज्याला पूज्य मानले त्याच्या शहाणपणाविषयी खेड्याचे मत शब्दार्थातच साठलेले आहे. येथे 'विज्ञान' म्हणजे आळस. जपानमार्गे आलेला, चार मेच्या चळवळीने डोक्यावर घेतलेला, पक्षाने भिंतीभिंतीवर रंगवलेला हा शब्द खेड्यात पोचेपर्यंत अंगचोरीचा पर्याय झाला आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या सत्तासंबंधाचे इतके सूक्ष्म चित्रण दुर्मीळच म्हणावे लागेल.

या कादंबरीवर आरोप काय झाला? ती मिलोराद पाविच यांच्या 'खझार कोशा'ची नक्कल आहे! आरोप चिनी समीक्षकांनीच केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल लेखकाच्या बाजूने लागला. न्यायालयाने जे ठरवले ते समीक्षेला ठरवता आले नाही, ही नामुष्की आहे. कोशाचा घाट सर्बियातून आला असेल वा नसेल; त्या घाटात हूनानच्या बोलीने प्रमाण चिनीला जे सुनावले, ते सर्बियातून आलेले नाही. अस्सलतेचा दंडक हातात असला की घाट दिसतो आणि भाषा दिसेनाशी होते. आणि हा दंडक देशी समीक्षकाच्या हातातही परदेशी समीक्षकाच्या हातासारखाच चालतो.

लू शुन यांनी १९३४ मधील एका छोट्या निबंधात हा पेच सोडवून ठेवला होता. वारशाने मोठा वाडा मिळालेल्या गरीब तरुणाचा दृष्टान्त ते देतात : भीतीने आत न शिरणारा भेकड, सगळा जाळणारा मूर्ख, आणि उरलेली अफू ओढत पडणारा निकामी. तरुणाने वाडा ताब्यात घ्यावा आणि मग काय वापरायचे, काय ठेवायचे, काय नष्ट करायचे ते ठरवावे. परदेशातून आणण्याच्या वस्तूंनाही त्यांनी हाच न्याय लावला.

५

अस्सलतेची भाषा निरुपद्रवी असती तर एवढा आटापिटा करण्याचे कारण नव्हते. परंतु ती सत्तेच्याही सोयीची असते. १९७३-७४ मध्ये ज्या कन्फ्यूशियसविरुद्ध देशव्यापी मोहीम चालवली गेली, त्याचेच नाव २००४ पासून परदेशांत चिनी भाषा शिकवणाऱ्या संस्थांना देण्यात आले. जानेवारी २०११ मध्ये त्याचा भव्य पुतळा थ्येनआनमेन चौकालगत उभा राहिला आणि एप्रिलमध्ये गाजावाजा न करता हलवला गेला. पाच हजार वर्षांची अखंड परंपरा चार महिन्यांत जागा बदलते! २००० मध्ये फ्रान्सचे नागरिक झालेल्या गाओ शिंगजियान यांना नोबेल मिळाले तेव्हा तो राजकीय हेतूचा पुरस्कार ठरला; २०१२ मध्ये मो यान यांना मिळाले तेव्हा तो राष्ट्राचा गौरव झाला.

या 'एका' चिनी संस्कृतीची किंमत कोण मोजतो, हेही पाहावे. २०१० मध्ये क्वांगचौच्या दूरदर्शन वाहिनीवर कँटोनीऐवजी प्रमाण चिनी आणण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक रस्त्यावर आले. २०२० मध्ये आंतर मंगोलियातील शाळांत काही विषय मंगोलऐवजी प्रमाण चिनीतून शिकवण्याच्या निर्णयाविरुद्ध पालकांनी मुलांना घरी ठेवले. तिबेटी वंशाचे अलाय चिनीत कादंबरी लिहितात आणि २००० मध्ये माओ दुन पारितोषिक मिळवतात. मलेशियात जन्मलेले लेखक तैवानमध्ये राहून बोर्निओच्या जंगलाविषयी चिनीत लिहितात. शू-मे शिह यांनी चीनबाहेरच्या व चीनच्या परिघावरच्या अशा लेखनासाठी 'सिनोफोन' ही संज्ञा प्रचारात आणली ती याच कारणासाठी. चिनी भाषा आणि चिनी राष्ट्र यांची सांधेजोड सैल केल्याशिवाय हे साहित्य नीट वाचताच येत नाही. 'खरे चिनी कोण?' हा प्रश्न येथे समीक्षेचा राहत नाही. तो शाळातपासनिसाचा होतो.

६

मराठी समीक्षेला यातून काय घ्यावयाचे आहे? डॉ. कोटणीसांची स्मृती सोडली तर मराठी मनाचा चीनशी संबंध क्षीण आहे, आणि चिनी साहित्य मराठीत येते ते बहुतांशी इंग्रजीच्या दारातून. येताना ते इंग्रजीचा दंडकही घेऊन येते. 'बेइ दाओ म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण' असे विधान मराठी चर्चासत्रात सहज केले जाते तेव्हा वक्त्याच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही : तोच न्याय लावला तर मर्ढेकरही एलियटचे अनुकरण ठरतात, आणि बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव घेऊन इंग्रजी वाङ्मयप्रकाराला चिकटवलेली 'कादंबरी' नावासकट बाद होते. मर्ढेकरांच्या बाबतीत मराठी वाचकाने हा न्याय अखेर मानला नाही, कारण त्यांच्या ओळीत ओवीचा आणि अभंगाचा कान आहे हे त्याला ऐकू येत होते. बेइ दाओ यांच्या बाबतीत त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि न ऐकू येण्याला तो कवीचा दोष समजतो.

म्हणून उपाय सिद्धान्ताचा कमी आणि कष्टाचा अधिक आहे. शांतिनिकेतनात चीन भवन १९३७ मध्ये स्थापन झाले. मराठी विभागांतून तौलनिक साहित्याच्या नावाखाली मात्र आजही मुख्यतः इंग्रजी ग्रंथांची तुलना इंग्रजी अनुवादांशी होते. मराठीतील दहा अभ्यासकांनी चिनी शिकून थेट भाषांतरे केली, तर 'अस्सल चीन' म्हणजे काय या चर्चेवर खर्च झालेल्या शाईपेक्षा त्याचा लाभ मोठा होईल. तोवर किमान एवढे पथ्य पाळावे, की एखाद्या कृतीला 'पुरेशी चिनी नाही' असे म्हणण्यापूर्वी ती चिनी भाषेत काय करते आहे, हे स्वतःला ठाऊक आहे काय, असे समीक्षकाने विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर निवाडा राखून ठेवावा.